नुसतं गाइड

आमच्या घरात फ्रिज हे अन्न थंड ठेवण्याचं यंत्र नसून ध्वनिमुद्रणातला अडथळा आहे, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं. संध्याकाळी कामावरून यावं, पाण्याची बाटली काढावी आणि ती कोमट लागावी, की समजायचं : आज गाणं चालू आहे. मग दुधाचा वास घेऊन पाहायचा, फ्रिजच्या बटणाला हात लावायचा नाही आणि खोकला आलाच तर जिन्यात जाऊन खोकायचं. कारण आतल्या खोलीत, कपड्यांच्या कपाटात, लटकत्या कोटांच्या आणि रजयांच्या मधोमध माझी बायको मायक्रोफोनसमोर उभी असते, आणि तिच्या मते फ्रिजची घरघर दोन भिंती ओलांडून थेट तिच्या गाण्यात शिरते. दुर्दैवाने हे खरं आहे. मी मोजून पाहिलं आहे.

मी एका प्रयोगशाळेत वजनकाट्यांची अचूकता तपासतो. काटा कसा दिसतो, त्याच्याबद्दल मालकाच्या काय भावना आहेत, याच्याशी मला कर्तव्य नसतं. ठरलेलं वजन ठेवल्यावर तो काय दाखवतो एवढंच मी पाहतो. बायको औषधांच्या खोक्यांत घालायच्या माहितीपत्रकांची भाषा तपासते. दुसऱ्याच्या मजकुरातला चुकलेला स्वल्पविराम तिला दाराबाहेरून दिसतो, आणि तो मजकूर ती ठरल्या दिवशी हातावेगळा करते. स्वतःचं गाणं मात्र तिने आजवर एकही पुरं केलेलं नव्हतं.

तिची पद्धत मी इतकी वर्षं जवळून सोसली आहे, की तिचं वर्णन करण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे. चाल तिला कपडे पिळताना सुचते. ती ताबडतोब फोनमध्ये गुणगुणली जाते, आणि नंतर ऐकताना चालीपेक्षा बादलीच जास्त ऐकू येते. मग त्या चालीवर निरर्थक अक्षरं बसवली जातात. दुधाचे दात पडून पक्के यावेत तसे त्या अक्षरांच्या जागी हळूहळू खरे शब्द येतात. काही दुधाचे दात मात्र पडतच नाहीत, आणि घरात महिनोन्‌महिने ‘ला ला ला’ ऐकावं लागतं. त्यानंतर ‘गाइड’. गाइड म्हणजे कच्चं गायन : बाकीची वाद्यं कशाच्या आधाराने वाजवायची हे कळावं म्हणून कसंबसं गाऊन ठेवायचं आणि खरं गायन झालं की पुसून टाकायचं. खरं गायन कपाटात होतं. मग ते कानांवरच्या हेडफोनवर ऐकायचं, स्वयंपाकघरातल्या लहान स्पीकरवर ऐकायचं, बंद गाडीत बसून ऐकायचं, गाडी चालू करून ऐकायचं, आणि शेवटी म्हणायचं, “खालचा भाग गढूळ वाटतोय.” गढूळपणा कोणत्या एककात मोजतात, असं मी एकदा विचारलं होतं. उत्तराची प्रतीक्षा आहे.

तिच्या संगणकात एकाच गाण्याच्या फायली ‘अंतिम’, ‘अंतिम पक्कं’, ‘खरंच अंतिम’ आणि ‘अंतिम, आईशपथ’ अशा नावांनी नांदतात. शपथ जिची घातली आहे त्या आईंचं आता सांगतो, कारण गाणी त्या गातात.

बायकोच्या मते तिचा स्वतःचा आवाज माहितीपत्रकासारखा आहे : स्पष्ट, पण कोणी मुद्दाम ऐकू नये असा. म्हणून गाते तिची आई. सासूबाई आमच्या मागच्याच गल्लीत एकट्या राहतात आणि येताना स्वतःची उशी घेऊन येतात, कारण आमच्या खुर्च्या त्यांच्या मते पाहुण्यांनी लवकर उठावं म्हणून बनवलेल्या आहेत. मला संगीतातलं कळत नाही. निरीक्षण म्हणून एवढंच नोंदवतो, की त्या गाऊ लागल्या की माझं वाचन थांबतं. कारण अज्ञात.

अडचण अशी, की ध्वनिमुद्रण चालू झाल्याचा लाल दिवा दिसला की सासूबाईंचा आवाज इस्त्री केल्यासारखा होतो. सुरकुती एक नाही, आणि आत माणूसही नाही.

“आई, घाबरायचं काही नाही,” बायको सांगते. “नुसतं गाइड आहे.”

“नुसत्या गाइडसाठी मला कपाटात कोंबतेस होय गं, ठके? आणि तो लाल दिवा कशाला?”

“त्यावर चिकटपट्टी लावते.”

“लाव. म्हणजे मला तो दिसणार नाही, पण मी त्याला दिसेन.” मग माझ्याकडे वळून, “जावईबापू, आता डांबरगोळ्या तेवढ्या घाला, म्हणजे पुढच्या थंडीपर्यंत टिकेन.”

हे असं वर्षानुवर्षं चाललं असतं आणि माझी तक्रार दुधापुरती राहिली असती. पण सासूबाईंच्या गळ्यात गाठ निघाली. तपासणीत ती निरुपद्रवी ठरली, तरी वाढत होती आणि श्वासनलिकेवर दाब देत होती. काढायलाच हवी होती. आवाजाची नस तिथूनच जाते, असं शल्यचिकित्सकांनी चित्र काढून दाखवलं.

“म्हणजे आवाज बदलण्याची शक्यता किती?” मी विचारलं.

“कमी.”

“कमी म्हणजे नेमकी किती?”

“कमी म्हणजे कमी हो.”

“जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टरांना काट्यावर ठेवू नका.”

बाहेर आल्यावर बायकोने गाडीत बसून पट्टा लावला. मग म्हणाली, “ते दाराचं गाणं पुरं करायचंय. ऑपरेशनच्या आधी. आईच्या या आवाजात.” मी मान डोलावली. ‘पुरं करायचंय’ हे शब्द मी पूर्वीही ऐकले होते. पण या खेपेला मुदत तिने ठरवलेली नव्हती.

दाराचं गाणं म्हणजे उशिरा घरी येणाऱ्या मुलीने आईला घातलेली विनवणी. त्याचा मुखडा असा :

दार नुसतं लोटून घे, कडी लावू नको
येईन मी उशिराने, तू वाट पाहू नको

दुसऱ्या कडव्यातली पहिली ओळ झाली होती : ‘दिवा मालव, पाय पसर, कान देऊ नको.’ तिच्या पुढची ओळ नव्हती. तिथे ‘ला ला ला’ होतं. हा दुधाचा दात कित्येक महिन्यांचा होता.

मग सासूबाई रोज दुपारी येऊ लागल्या आणि कपाटात जाऊ लागल्या. फ्रिज रोज बंद होऊ लागला. मी रोज दूध ओतून देऊ लागलो, आणि बायको रोज ‘दूध सांभाळ’ म्हणू लागली. शेवटी वैतागून मी ठरवलं, की रोग मुळापासून काढायचा. एका रविवारी फ्रिज भिंतीपासून ओढला, मागे टॉर्च धरली आणि दोषाचं मूळ शोधून काढलं : तांब्याची एक नळी मागच्या पत्र्याला टेकलेली होती आणि यंत्र चालू झालं की पत्र्याला थरथरवत होती. नळी किंचित वाकवली, मध्ये रबराचा तुकडा बसवला. फ्रिज जवळजवळ मूक झाला. आता गाणं आणि दूध एकाच घरात राहू शकणार होती. बायकोने कान लावून ऐकलं आणि म्हणाली, “बरं झालं बाई.” संसारात एवढी दाद पुरेशी असते.

कपाटातली गायनं साचत गेली. बायको ती ऐके आणि म्हणे, “बारावं बरं आहे, पण सातव्यात भाव आहे.” दुसऱ्या दिवशी सातव्यात भाव नसे. हे मला सहन होईना. मी म्हटलं, एक साधी चाचणी करू : फायलींना मी अक्षरं देतो, कोणती कुठली हे तुला सांगत नाही, तू फक्त ऐक आणि निवड. तुलनेसाठी म्हणून मी त्यात एक जुनं गाइडही घातलं. ते उन्हाळ्याआधी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, बायकोने गिटार वाजवत आणि सासूबाईंनी उशीवर बसून गायलेलं होतं. कपाट नाही, चिकटपट्टी नाही, काळजी कसलीच नाही.

बायकोने प्रत्येक फेरीत तेच निवडलं. “हेच,” ती म्हणाली. “बघ, कपाटात किती फरक पडतो.”

मी तिला सांगितलं ते काय आहे. त्यानंतरची शांतता आमच्या फ्रिजच्या नव्या शांततेपेक्षाही गाढ होती.

“पण त्यात घरघर आहे,” ती अखेर म्हणाली.

“आहे.”

“ती मला ऐकूच आली नाही.”

यावर मी संगणकात गाइडचं विश्लेषण केलं, आणि जे सापडलं त्याने मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. सासूबाईंचा षड्ज आणि फ्रिजची घरघर यांच्यात बरोबर एका सप्तकाचं अंतर होतं. मला दिसेल एवढाही फरक नव्हता. टेबलाशी बसून त्यांनी सूर धरला होता तो गिटारचा नव्हे, तर फ्रिजचा. गिटार बायकोने मग त्यांच्या आवाजाला जुळवून घेतली होती. कपाटात, संपूर्ण शांततेत, त्यांना टेकायला काही नव्हतं. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये हे मी इतरांना शिकवतो. काढला.

म्हणजे ठेवायचं ते गाइडच. मात्र त्यात दुसऱ्या कडव्यात ‘ला ला ला’ होतं. तेवढी एक ओळ नव्याने गाऊन त्या जागी बसवायची, एवढंच उरलं. बायकोने ‘एवढंच’ हा शब्द उच्चारला, तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

सासूबाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात दाखल व्हायचं होतं. त्या दुपारी त्या आल्या त्या उशी आणि भरलेली पिशवी घेऊनच. गाठीमुळे आता त्यांना धाप लागत होती. सबंध गाणं गाणं शक्य नव्हतं, एक ओळ जमली असती. बायको टेबलाशी कोऱ्या कागदासमोर बसली होती. तिने वर न बघता मला सांगितलं, “फ्रिज लाव.”

आमच्या सबंध सहजीवनात हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. “लावलेलाच आहे,” मी म्हणालो.

“मग वाजत का नाही?”

“कारण मी तो दुरुस्त केला.”

“कोणी सांगितलं होतं तुला?”

“तू.”

“मी दूध सांभाळ म्हटलं होतं! सगळ्या गाण्यात घरघर आणि तेवढ्या ओळीत नाही, म्हणजे ती ठिगळासारखी ऐकू येईल.”

“नुसता आवाज घेऊन त्यामागे घरघर नंतर जोडली, तर चालणार नाही का?” मी विचारलं. “गाइडच्या सुरुवातीला नुसती घरघर आहे. ती कापून ओळीखाली पसर.”

“पसरली. इतकी लहान आहे, की परत परत जोडावी लागते, आणि दर जोडाला ती धाप टाकते. आणि आईला सूर कशाने धरायचा? संगणकातल्या फ्रिजने?”

या युक्तिवादात खोट नव्हती, आणि तीच चीड आणणारी गोष्ट होती. मी फ्रिज ओढला, मागे शिरलो आणि रबराचा तुकडा काढला. काही झालं नाही, कारण आतली थंडी पुरेशी असल्यामुळे यंत्र चालूच नव्हतं. ते चालू व्हावं म्हणून दार उघडून ठेवावं लागलं. आम्ही तिघं उघड्या फ्रिजसमोर बसून तो तापण्याची वाट पाहू लागलो.

“इतकी वर्षं दार लावून घ्या म्हणून ओरडले,” सासूबाई म्हणाल्या. “शेवटी हे बघायला मिळालं.”

“शेवटी म्हणू नकोस,” बायको म्हणाली.

“बरं, मधेच बघायला मिळालं.”

यंत्र चालू झालं. आवाज आला, पण तो नव्हता. दुरुस्तीपेक्षा मूळचा दोष जसाच्या तसा पुन्हा निर्माण करणं अवघड असतं, हे मला माहीत होतं. सिद्ध करण्याची हौस नव्हती. नळी आता पत्र्याला आपण होऊन टेकत नव्हती, दाबून धरावी लागत होती. बोटाने धरली, तर ती चांगलीच तापलेली होती. मी लाकडी चमचा मागवला, फ्रिज आणि भिंत यांच्यातल्या फटीत आडवा शिरलो आणि चमच्याने नळी दाबली. बायकोने हेडफोनच्या एका कानात गाइड लावलं आणि दुसरा कान मोकळा ठेवला.

“जास्त होतंय. हलकं धर. अजून हलकं. आता मेला.”

“फ्रिज की मी?”

“दोघंही. थोडं दाब. थोडंसंच. आता हलू नकोस! हाच. श्वाससुद्धा घेऊ नकोस.”

“तेवढं आलटून पालटून घेईन म्हणतो.”

सासूबाईंनी उशी टेबलाशी नेली, बसल्या, गळ्यावरून हात फिरवला. “काय गायचं ते तरी सांग.”

बायकोने हेडफोन काढून ठेवला. फटीतून मला तिचा अर्धाच चेहरा दिसत होता, पण तो पुरेसा होता. “ओळ नाहीये, आई. मला वाटलं होतं तोवर सुचेल.”

“अजून नाही?”

“दहा लिहिल्या. सगळ्या खोट्या वाटतात.”

फ्रिजमागे, एका हाताने चमचा धरून, मी मनातल्या मनात जे म्हणालो ते इथे देत नाही. यंत्र थंडी पुरी झाली की आपोआप बंद होणार होतं. दार उघडं होतं, पण संध्याकाळची हवा गार होत चालली होती. उद्या सकाळी रुग्णालय होतं. आणि माझी बायको, जिला दुसऱ्याच्या कागदावरचा प्रत्येक डाग दिसतो, स्वतःच्या कोऱ्या कागदाकडे बघत बसली होती.

“ठके,” सासूबाई म्हणाल्या, “आधीची ओळ म्हण.”

बायकोने गिटारवर हलकेच म्हटली : “दिवा मालव, पाय पसर, कान देऊ नको…”

“यंत्र चालू आहे का तुझं?”

“नुसतं गाइड आहे,” बायको म्हणाली. तिचं बोट आधीच बटणावर होतं. लाल दिवा लागला होता, आणि त्यावर पट्टी लावायची तिला आठवण राहिली नव्हती.

सासूबाईंनी त्या दिव्याकडे सरळ पाहिलं. मग डोळे मिटले. फ्रिजच्या घरघरीत सूर शोधायला त्यांना क्षणभरही लागला नाही.

“झोपेचं सोंग घेईन मी, तू हाक मारू नको.”

मी श्वास घेतला नव्हता. नळी पत्र्याला अगदी बरोबर टेकली होती, हे मी आजही खात्रीने सांगेन.

“आई,” बायको बटण बंद करून म्हणाली, “पण गाणं त्या मुलीचं आहे. उशिरा येणारीचं. ही तर जागणारीची ओळ झाली.”

“मग? इतकी वर्षं जागत कोण होतं? तुझ्या सबंध गाण्यात त्या बाईला एक ओळ नको?”

“तू झोपलेली असायचीस. मी बघायचे.”

“हो तर,” सासूबाई म्हणाल्या. “आणि हे नुसतं गाइड होतं.”

बायकोने नाक पुसलं. मग, स्वभावाला औषध नाही म्हणून, ती म्हणाली, “अजून एकदा घेऊया? सेफ्टीसाठी?”

“नाही,” सासूबाई आणि मी एकदमच म्हणालो. त्याच क्षणी यंत्राने एक धक्का दिला आणि फ्रिज बंद पडला. मला हा योगायोग वाटतो.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. गाठ निघाली. शल्यचिकित्सकांनी नस शाबूत आहे असं सांगितलं, काही दिवस बोलू नका म्हणाले, आणि सासूबाईंनी ते दिवस आम्हा दोघांकडे नुसतं बघून काढले. त्या बघण्यातही टोमणे होते. त्या बोलू लागल्या तेव्हा आवाज खाली उतरलेला होता, जाडसर, कडेला थोडा खरखरीत. वरचे सूर गेले होते. महिने उलटले तरी ते परतले नाहीत. शक्यता कमी होती, हे शल्यचिकित्सकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फक्त एका माणसापुरती शक्यता कमी-जास्त नसते. गोष्ट घडते, किंवा घडत नाही.

गाणं पुरं झालं. बायकोने ते गाडीत बसून ऐकलं नाही. फाइलीचं नाव ‘दार’ एवढंच ठेवलं. नवी ओळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे मला माहीत असूनही डोळे मिटून ओळखता आलं नाही. सहकाऱ्यांनाही न सांगता ऐकवून पाहिलं, त्यांनाही आलं नाही.

सासूबाईंनी ते स्वयंपाकघरातल्या लहान स्पीकरवर ऐकलं, उशीवर बसून, हात मांडीवर ठेवून. स्वतःचा जुना आवाज ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी नोंदवलं नाही, कारण मी दुसरीकडे पाहत होतो. गाणं संपल्यावर त्या त्यांच्या नव्या, जाड आवाजात म्हणाल्या, “फ्रिज छान लागलाय.”

बायको हसली, मग हसणं थांबवून तिने गिटार उचलली. “आई, एक नवीन चाल आहे. खालच्या पट्टीतली आहे. शब्द नाहीत अजून. म्हणून बघतेस?”

“मला कुठे येतंय आता.”

“अगं, नुसतं गाइड.”

“तेवढंच असेल तर म्हणते,” सासूबाई म्हणाल्या, आणि टेबलावर लागलेल्या लाल दिव्याकडे त्यांनी मुळीच पाहिलं नाही.

बायकोने माझ्याकडे मान वळवली. तिने काही बोलण्याआधी मी फ्रिजचं दार उघडलं, दुधाचं भांडं बाहेर काढून ओट्यावर ठेवलं आणि लाकडी चमचा घेऊन फ्रिजमागे शिरलो.